नोंदीचा तक्ता आणि त्याची मथळ्याची ओळ

कपाशीच्या पेरणीपूर्वी शेतात आडवे व उभे काकर पाडून त्यांच्या फुलीवर सरकी टोकण्याची रीत वऱ्हाडातील शेतकऱ्यास नवी नाही. काकर सरळ असतील तर प्रत्येक झाडास आपली जागा मिळते, डवरा दोन्ही बाजूंनी चालतो आणि झाडे मोजावयाची झाल्यास ओळी मोजून गुणाकार करता येतो. काकर वाकडे पडले तर पुढे सारा हंगाम त्याची भरपाई करीत बसावे लागते. संगणकावरील तक्ता, ज्यास स्प्रेडशीट म्हणतात, तो अशाच आडव्याउभ्या रेघांचे शेत होय. आडव्या रांगेस ओळ, उभ्या रांगेस रकाना आणि दोहोंच्या फुलीवरील जागेस घर म्हणावे. या शेतातील पहिला काकर म्हणजे मथळ्याची ओळ. प्रत्येक रकान्यात काय भरावयाचे ते या ओळीत लिहिलेले असते. ती नीट आखली नाही तर खाली कितीही कष्टाने भरलेल्या नोंदी निरुपयोगी ठरतात.

आज गावपातळीवरील कार्यकर्त्यांकडून लाभार्थ्यांच्या याद्या, नुकसानीचे पंचनामे, कीड सर्वेक्षणाच्या नोंदी व बियाणे वाटपाचे हिशेब अशाच तक्त्यांतून मागविले जातात. अनेक शेतकरीही आपला जमाखर्च भ्रमणध्वनीवरील तक्त्यात ठेवू लागले आहेत. म्हणून मथळ्याची ओळ कशी आखावी याचा विचार वणी तालुक्यातील नित्याच्या कामांच्या आधारे येथे केला आहे.

मथळ्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे

संगणकावरील तक्ता नवा असला तरी रकान्यांना नेमके मथळे देण्याची शिस्त आपल्या महसुली दप्तरास पूर्वीपासून ठाऊक आहे. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा जोड उतारा. पहिल्यात जमिनीवरील अधिकारांची नोंद असते, तर दुसऱ्यात पिकांची. या नमुन्यांतील रकाने सबंध राज्यात सारखेच आहेत. त्यामुळे वणी तालुक्यातील उतारा सिंधुदुर्गातील अधिकाऱ्यासही विचारपूस न करता वाचता येतो. ही सोय मथळ्यांनी करून दिलेली आहे.

संगणकावरील पहिला लोकप्रिय तक्ता, व्हिजिकॅल्क, इ. स. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन यांनी तयार केला. त्यानंतर १९८३ मध्ये लोटस वन-टू-थ्री आणि १९८५ मध्ये एक्सेल आले. आजच्या एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. एवढ्या मोठ्या शेतात वाट दाखविणारी खूण म्हणजे मथळ्याची एक ओळ.

कागदावरील नमुना व संगणकावरील तक्ता यांत मात्र एक महत्त्वाचा भेद आहे. गाव नमुना बारामध्ये मथळे एकाखाली एक अशा पायऱ्यांनी येतात. वर ‘पिकाखालील क्षेत्राचा तपशील’, त्याखाली मिश्र व निर्भेळ पिके, आणि त्याखाली जलसिंचित व अजलसिंचित. माणसाच्या डोळ्यास ही मांडणी सोयीची वाटते, कारण वरचा मथळा खालच्या किती रकान्यांवर पसरला आहे हे त्यास दिसते. संगणकास ते दिसत नाही. तो एका रकान्यास एकच नाव मानतो आणि ते नाव एकाच घरात शोधतो. म्हणून कागदावरील नमुना जसाच्या तसा संगणकावर उतरविणे ही पहिली चूक होय.

मथळ्याच्या ओळीचे नियम

पहिला नियम असा की मथळ्याची ओळ एकच असावी आणि ती तक्त्याच्या अगदी पहिल्या ओळीत असावी. तिच्यावर कार्यालयाचे नाव, योजनेचे नाव, वर्ष इत्यादी सजावट करू नये. ही माहिती फाइलच्या नावात किंवा ‘माहिती’ नावाच्या वेगळ्या पानावर लिहावी. मथळ्याची घरे एकमेकांस जोडून मोठी करू नयेत. जोडलेल्या घरांमुळे क्रम लावणे व निवड करणे यांत अडथळा येतो. ‘जलसिंचित’ व ‘अजलसिंचित’ हे दोन पोटमथळे असतील तर त्यांचे ‘जलसिंचित क्षेत्र (हेक्टर)’ व ‘अजलसिंचित क्षेत्र (हेक्टर)’ असे दोन पूर्ण व स्वतंत्र मथळे करावेत.

दुसरा नियम असा की कोणत्याही रकान्याचा मथळा रिकामा नसावा आणि दोन रकान्यांस एकच नाव नसावे. ‘तारीख’ व पुन्हा ‘तारीख’ असे लिहिल्यास पेरणीची कोणती आणि फवारणीची कोणती हे लिहिणाऱ्यासही महिन्याभराने आठवत नाही. शिवाय मथळा रिकामा राहिला तर एक्सेलमध्ये सारांश तक्ता, म्हणजे पिव्होट टेबल, तयारच होत नाही.

तिसरा नियम असा की परिमाण मथळ्यात लिहावे, घरात लिहू नये. घरात ‘५ किलो’ असे लिहिले की संगणक त्यास आकडा न समजता मजकूर समजतो आणि बेरजेतून सरळ वगळतो. बेरीज चुकली अशी सूचनाही तो देत नाही. म्हणून मथळ्यात ‘युरिया (किलो)’ लिहावे व घरात केवळ आकडा भरावा. ओळखण्याची सोपी खूण अशी की, मुद्दाम बदल केला नसेल तर आकडा घराच्या उजव्या कडेस चिकटतो व मजकूर डाव्या कडेस. देवनागरी अंक काही ठिकाणी मजकूर समजले जातात. यासाठी आरंभी दोन-तीन घरे भरून बेरीज येते की नाही ते पाहावे. ती न आल्यास आंतरराष्ट्रीय अंक वापरावेत.

चौथा नियम असा की मथळा हा वस्तूच्या प्रकाराचे नाव असावा, प्रत्यक्ष वस्तू नसावी. ‘१ ऑगस्ट’, ‘२ ऑगस्ट’, ‘३ ऑगस्ट’ असे एकेका तारखेचे रकाने केले तर तक्ता दररोज रुंद होत जातो आणि महिनाअखेर कागदावर मावत नाही. त्याऐवजी ‘नोंदीची तारीख’ हा एकच रकाना करून प्रत्येक दिवसाची नोंद नव्या ओळीत घ्यावी. तक्ता खाली वाढावा, बाजूस वाढू नये.

क्षेत्राचा रकाना

परिमाणाचा घोळ सर्वांत अधिक होतो तो क्षेत्राच्या रकान्यात. सातबारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आर-चौरस मीटर अशा क्रमाने असते, उदाहरणार्थ १.२०.०० म्हणजे एक हेक्टर वीस आर. दोन टिंबांचा हा आकडा जसाच्या तसा भरल्यास संगणक त्यास संख्या मानत नाही. तो १.२० असा भरावा व मथळ्यात ‘क्षेत्र (हेक्टर)’ असे स्पष्ट लिहावे.

आता समजा मथळ्यात केवळ ‘क्षेत्र’ एवढेच लिहिले आहे. हेक्टराच्या हिशेबाने १.२० म्हणजे सुमारे २.९७ एकर. परंतु ज्याच्या बोलण्यात एकरच रुळला आहे असा वाचक त्यास एक एकर दोन दशांश समजेल. तिसरा, जो एकर-गुंठ्यात मोजतो, तो त्यास एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर समजेल. तीन वाचकांनी तीन क्षेत्रे वाचली आणि तिघांनीही आकडा बरोबरच वाचला. खताची मागणी, विम्याचा हप्ता किंवा नुकसानीची भरपाई या आकड्यावरून ठरणार असेल, तर दुसऱ्या वाचकाच्या हातून शेतकऱ्यास त्याच्या हक्काच्या निम्म्याहूनही कमी मिळेल. कंसातील ‘हेक्टर’ या एका शब्दाने हे सारे टळते. एक हेक्टर म्हणजे शंभर आर आणि एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, हे कोष्टक ‘माहिती’ पानावर लिहून ठेवावे.

गावाचा व गटाचा रकाना

‘गाव’ हा मथळा वरवर सोपा वाटतो. परंतु वणी म्हटले की यवतमाळ जिल्ह्यातील आपली वणी आठवते, तशी नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंगी गडाच्या पायथ्याची वणीही आठवते. आपल्या तालुक्यात शिरपूर आहे व धुळे जिल्ह्यातही शिरपूर आहे. चुन्याच्या भट्ट्यांसाठी प्रसिद्ध असलेले राजूर आपल्याकडे आहे, तसेच अकोले तालुक्यातही राजूर आहे. एवढेच कशाला, आज ज्यास यवतमाळ जिल्हा म्हणतात तो इ. स. १९०५ पर्यंत वणीच्याच नावाने ओळखला जाई. जुन्या कागदांत ‘वणी’ असे दिसले तर ते जिल्ह्याचे नाव की गावाचे, हे मथळा पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून जो तक्ता जिल्ह्याबाहेर जावयाचा आहे त्यात ‘जिल्हा’, ‘तालुका’, ‘गाव’ व ‘गाव संकेतांक’ असे चार वेगळे रकाने ठेवावेत. नावे सारखी असली तरी संकेतांक प्रत्येक गावाचा निराळा असतो.

एकाच गावाचे नाव दोन प्रकारे लिहिणेही टाळावे. एकाने ‘घोन्सा’ व दुसऱ्याने ‘घोंसा’ लिहिले तर संगणक ती दोन गावे मानतो व बेरीज दोन ठिकाणी विभागली जाते. गावांची यादी आधी तयार करून त्या रकान्यात केवळ यादीतीलच नाव निवडता येईल अशी सोय ‘डेटा व्हॅलिडेशन’ या आज्ञेने करता येते.

गट क्रमांकाच्या रकान्यात एक विशेष धोका आहे. ‘१२/२’ असा गट क्रमांक लिहिला की संगणक ती तारीख समजून तिचे १२ फेब्रुवारी किंवा २ डिसेंबर असे रूपांतर करतो. एकदा असे झाले की मूळ क्रमांक परत मिळविणे कठीण. यावर उपाय नोंद भरण्यापूर्वीच करावा लागतो. मथळा लिहून झाला की तो सबंध रकाना निवडून त्याचा प्रकार ‘टेक्स्ट’, म्हणजे मजकूर, असा ठरवावा. शेतकरी ओळख क्रमांक, भ्रमणध्वनी क्रमांक व खाते क्रमांक यांचेही तसेच करावे. या क्रमांकांची बेरीज कधीच करावयाची नसते. आकडा समजून घेतल्यास त्यांच्या आरंभीचे शून्य गळून पडते आणि एक्सेलमध्ये पंधरा अंकांपुढील प्रत्येक अंकाचे शून्य होते. बँकेच्या खात्याचा एक अंक बदलला तर त्याचा परिणाम काय होईल हे सांगावयास नको.

कीड सर्वेक्षणाच्या तक्त्याचे उदाहरण

इ. स. २००८ मध्ये सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा प्रादुर्भाव झाल्यानंतर राज्यात २००९-१० पासून पिकांवरील कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प, म्हणजे क्रॉपसॅप, सुरू झाला. शेतातील नोंदी एका ठरलेल्या नमुन्यात गोळा करावयाच्या आणि त्यांवरून सल्ला द्यावयाचा, हे त्याचे सूत्र. नमुना एक असल्यामुळेच अनेक गावांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहता येतात.

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचा विचार करू. हेक्टरी पाच कामगंध सापळे लावावेत आणि एका सापळ्यात एका रात्री आठ पतंग असे सलग तीन रात्री आढळले तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजावे, अशी शिफारस आहे. आता तक्त्यात केवळ ‘पतंग’ असा मथळा आहे आणि तीन गावांतून २४ हाच आकडा आला आहे असे समजू. कायरच्या कार्यकर्त्याने एका सापळ्यातील तीन रात्रींची बेरीज लिहिली, म्हणजे रात्रीस सरासरी आठ. शिरपूरच्या कार्यकर्त्याने पाच सापळ्यांतील एका रात्रीची बेरीज लिहिली, म्हणजे सापळ्यास पाचांहूनही कमी. शिंदोल्याच्या कार्यकर्त्याने एका सापळ्यातील एका रात्रीचे पतंग लिहिले, म्हणजे पातळीच्या तिप्पट. एका गावात निर्णयाची वेळ आली आहे, दुसऱ्यात फवारणीची गरज नाही, तिसऱ्यात तातडीने लक्ष घातले पाहिजे. आणि तक्त्यात मात्र तिन्ही गावे सारखीच दिसतात.

हे टाळण्यासाठी पुढीलप्रमाणे मथळे घ्यावेत :

१. नोंदीची तारीख
२. गाव
३. गाव संकेतांक
४. गट क्रमांक (मजकूर)
५. पेरणीची तारीख
६. सापळा क्रमांक
७. एका सापळ्यात एका रात्री आढळलेले पतंग (संख्या)
८. तपासलेली हिरवी बोंडे (संख्या)
९. किडकी बोंडे (संख्या)
१०. शेरा

प्रत्येक सापळ्यासाठी व प्रत्येक रात्रीसाठी एक ओळ भरावी. शेतातून वीस हिरवी बोंडे तोडून फोडून पाहिली व दोन किडकी निघाली तर प्रमाण दहा टक्के होते आणि हीही नुकसानीची पातळीच होय. टक्केवारी तोंडी काढून लिहू नये. तपासलेली व किडकी अशा दोन्ही संख्या लिहाव्यात, म्हणजे हिशेब पडताळता येतो. बोंडांची तपासणी दररोज होत नाही, म्हणून ज्या दिवशी ती झाली नसेल त्या दिवशी आठवे व नववे घर रिकामे राहील. सापळा पाहिला आणि पतंग आढळला नाही, तर मात्र सातव्या घरात शून्य लिहावे. शून्य व रिकामे घर यांचा अर्थ एक नव्हे, ही गोष्ट सर्व कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावी.

फवारणीच्या नोंदीत विशेष दक्षता

इ. स. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन वीसांहून अधिक जीव गेले. त्या दुःखद प्रसंगानंतर फवारणीच्या प्रत्येक नोंदीकडे अधिक गांभीर्याने पाहणे आपले कर्तव्य आहे. ‘औषध’ व ‘मात्रा’ असे दोन मोघम मथळे येथे पुरेसे नाहीत. समजा शिफारस दहा लिटर पाण्यास वीस मिलिलिटर अशी आहे. पंधरा लिटरच्या पंपास ती तीस मिलिलिटर होईल. तक्त्यात ‘मात्रा ३०’ एवढेच असेल आणि वाचणाऱ्याने ते दहा लिटरसाठी घेतले, तर द्रावण दीडपट तीव्र होईल. म्हणून ‘कीटकनाशकातील घटक व त्याचे शेकडा प्रमाण’, ‘मात्रा (मिली प्रति १० लिटर पाणी)’, ‘पंपाचा प्रकार’, ‘फवारणीची वेळ’ व ‘संरक्षक साधने वापरली काय (होय/नाही)’ असे स्पष्ट मथळे ठेवावेत. भुकटी असल्यास मात्रेसाठी ‘ग्रॅम प्रति १० लिटर पाणी’ असा वेगळा रकाना करावा. मिली व ग्रॅम एकाच रकान्यात मिसळू नयेत. प्रत्यक्ष मात्रा मात्र नेहमी डब्यावरील लेबल व तज्ज्ञांची शिफारस पाहूनच ठरवावी.

मथळा दिसता ठेवणे, छापणे व क्रम लावणे

तक्ता खाली सरकला की मथळा दृष्टीआड होतो आणि पतंगांचा आकडा बोंडांच्या रकान्यात जाऊन बसतो. यासाठी एक्सेलमध्ये ‘व्ह्यू’ या यादीतील ‘फ्रीझ पेन्स’ व त्यातील ‘फ्रीझ टॉप रो’ ही आज्ञा द्यावी. गूगल शीट्समध्ये ‘व्ह्यू’, मग ‘फ्रीझ’, मग ‘वन रो’ असे करावे. लिब्रे ऑफिस हा विनामूल्य मिळणारा कार्यक्रम आहे. त्यातही ‘व्ह्यू’ यादीत ही सोय आहे.

यादी अनेक पानांची असेल तर छापताना प्रत्येक पानावर मथळा आला पाहिजे. एक्सेलमध्ये ‘पेज लेआउट’ यादीतील ‘प्रिंट टायटल्स’ उघडून ‘रोज टु रिपीट ॲट टॉप’ या जागी पहिली ओळ निवडावी. ग्रामसभेत वाचून दाखवावयाच्या यादीचे तिसरे पान मथळ्याविना हाती आले तर वाचणाऱ्याची त्रेधा उडते.

नावांचा किंवा तारखांचा क्रम लावताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, ‘माय डेटा हॅज हेडर्स’ या वाक्यापुढे खूण आहे याची खात्री करावी. ती नसेल तर मथळाही एखाद्या शेतकऱ्याच्या नावासारखा यादीत कोठेतरी मिसळून जातो. दुसरी, केवळ एकच रकाना निवडून क्रम लावू नये. तसे केल्यास नावे हलतात, पण त्यांच्यापुढील क्षेत्र व खाते क्रमांक जागीच राहतात, आणि एकाची मदत दुसऱ्याच्या खात्यावर जाण्याचा प्रसंग ओढवतो. संगणक ‘एक्सपांड द सिलेक्शन’ असे विचारीत असेल तर त्यास होकार द्यावा. सर्वांत उत्तम म्हणजे तक्त्यातील कोणत्याही घरावर उभे राहून कंट्रोल व टी या कळा एकत्र दाबाव्यात आणि ‘माय टेबल हॅज हेडर्स’ यास खूण करावी. मग एक्सेल पहिल्या ओळीस मथळाच समजतो आणि तक्त्याच्या सर्व ओळी अखंड हलवितो.

शेतकऱ्याचा स्वतःचा तक्ता

कापूस विक्रीचा हिशेब ठेवू इच्छिणाऱ्या शेतकरी बंधूंस सहा मथळे पुरतात : ‘विक्रीची तारीख’, ‘खरेदीदार’, ‘वजन (क्विंटल)’, ‘ओलावा (टक्के)’, ‘दर (रुपये प्रति क्विंटल)’ व ‘मिळालेली रक्कम (रुपये)’. वजनास दराने गुणून आलेली रक्कम व हाती पडलेली रक्कम यांत फरक दिसला तर कपात कशाची झाली ते त्याच दिवशी विचारता येते. सरकारी खरेदीत आठ टक्के ओलावा प्रमाण धरला जातो व बारा टक्क्यांपर्यंत कपात करून माल घेतात, हे ठाऊक असले की ओलाव्याचा रकाना किती उपयोगाचा आहे ते ध्यानात येईल.

आधार क्रमांक मात्र अशा तक्त्यात ठेवू नये आणि बँक खात्यांच्या याद्या भ्रमणध्वनीवरील समूहांत पाठवू नयेत. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी इ. स. २०२३ मध्ये कायदा झाला आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी की शेतकऱ्याने विश्वासाने दिलेली माहिती जपणे हा कार्यकर्त्याचा धर्म आहे.

अखेरची कसोटी

मथळे बरोबर झाले किंवा नाही याची परीक्षा सोपी आहे. कोरा तक्ता, केवळ मथळ्याच्या ओळीसह, शेजारच्या गावातील कार्यकर्त्याच्या हाती द्यावा आणि एका शेताची नोंद त्याच्याकडून भरून घ्यावी. त्याने एकही प्रश्न न विचारता आपण भरली असती तीच नोंद भरली तर मथळे पक्के झाले. त्याने जेथे प्रश्न विचारला तेथील मथळा सुधारावा. कार्यकर्त्याची आज ना उद्या बदली होते, परंतु तक्ता मागे राहतो. पुढील हंगामात जो कोणी तो उघडील त्यास मथळ्याच्या एका ओळीवरून सारे शेत वाचता यावे, अशी व्यवस्था आपण पहिली नोंद भरण्यापूर्वीच करून ठेवावी.